जमिनीपेक्षा खाली

उत्तरायणाच्या दिवशी सुरतेत सगळ्यांचे पतंग कापले जातात; माझी कंबर गेली. तीही पतंग उडवताना गेली असती तर चारचौघांत सांगायला बरं होतं. मी नुसता गच्चीवर पडलेली मांज्याची फिरकी उचलायला ऐटीत, गुडघे न वाकवता वाकलो आणि तसाच राहिलो. शेजारचे भूपतभाई ओरडले, "अरे, पतंग तो एनो कपायो, तमे केम पड्या?" मग त्यांनीच दोघातिघांना हाताशी धरून मला खाली आणलं.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती सरकली आहे. खाट बंद, जमिनीवर पातळ गादी टाकून सरळ पडून राहायचं. बायकोची शाळा चालू, म्हणून अमळनेरहून सासूबाईंना बोलावून घेतलं. त्यांना सगळे माय म्हणत. दादर ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन माय दारात उभ्या राहिल्या आणि, अतिशयोक्ती न करता सांगतो, पुढे उभ्याच राहिल्या.

मायचा एक नेम होता. जावयासमोर त्याच्यापेक्षा उंचावर बसायचं नाही, बरोबरीनंही नाही. एरवी मी खुर्चीत असलो की त्या कोपऱ्यात जमिनीवर बसत. आता जावईच जमिनीवर! स्वयंपाकाचा ओटा माझ्या डोळ्यांसमोर, मध्ये दार नाही, आणि जमिनीपेक्षा खाली बसायची सोय काही बिल्डरने केलेली नव्हती.

माझ्याशी त्या थेट बोलतही नसत. बायको शाळेत गेली की निरोप्या संपला, मग माय भिंतीला सांगायच्या, "जवाईबापूले सांग, चहा थंडा व्हयी ऱ्हायना." मी भिंतीकडे बघून मान हलवायचो आणि चहा प्यायचो. शेकायची मिठाची पोटली त्या लांबून लाटण्याने माझ्याकडे सरकवत.

"माय, बसा हो. मी तिकडे बघत नाही."

"माले काय व्हत नही," हे पुन्हा भिंतीला.

पण जमिनीवर पडलेल्या माणसाला इतरांचे पायच जास्त दिसतात. मायच्या घोट्यांवर सूज चढू लागली, जोडवी बोटांत रुतू लागली. ओट्याच्या कडेला टेकून त्या कधी या पायावर भार टाकत, कधी त्या. एरवी नंदुरबार-अमळनेरच्या लग्नांतून जावयाचा मान मी छाती काढून घेतलेला. त्या दिवसांत तो नको झाला.

मग मी झोपायला लागलो, म्हणजे सोंग. जेवण झालं की डोळे मिटायचे आणि बारीक घोरायचं. जरा वेळाने ओट्याकडून "ओ माय वं" असा सुस्कारा आला की समजायचं, माय टेकल्या. एकदा घोरता घोरता मला शिंक आली, तर बिचाऱ्या ओट्याला धरून धडपडत उठल्या. स्वतःच्या नाकाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शेवटी मी शहाणपणा केला. डॉक्टरांची परवानगी नसताना भिंत धरून उठलो, खुर्ची गाठली आणि गड जिंकल्यासारखा म्हणालो, "आता बसा!"

माय बसल्या. पाय लांब केले, पदर सावरला, भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्यात माझ्या कमरेतून टाचेपर्यंत अशी कळ गेली की पुन्हा गादी. डॉक्टरांनी मुदत वाढवली. मला पडून राहायची. मायना उभं राहायची. संध्याकाळी बायको माझ्यावर तडकली, तर माय तिलाच म्हणाल्या, "त्यास्ले बोलू नको. मन्हामुये उठनात."

त्यांच्यामुळे! माझी चूक त्यांनी अशी गुपचूप पदरात घेतली, आणि मी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीशीही नीट बोलता येईना.

होळीच्या सुमारास मी कमरेला पट्टा बांधून हिंडू लागलो आणि मायना घराची ओढ लागली. भुसावळ पॅसेंजरमध्ये बायकोने त्यांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली. मी फलाटावर दिसताच माय सीटवरून उठल्या.

"माय, बसा. अमळनेरपर्यंत जायचंय."

त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं, "जवाई उभा शेतस."

मी समोर असेपर्यंत त्या बसणार नव्हत्या. म्हणून पाणी आणतो म्हणालो आणि केळ्यांच्या हातगाडीआड जाऊन उभा राहिलो. शिटी झाली, गाडी हलली, तरी बाहेर आलो नाही. निरोपाचा नमस्कार राहिला, पण एकदा तरी मायना नीट बसवलं, या समाधानात होतो.

बायको फलाटाच्या टोकापासून डोळे पुसत परत आली.

"बसल्या ना?" मी विचारलं.

"कसली बसते! तुम्ही दिसेनात, तर दारात येऊन उभी राहिली, दांडी धरून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. सारखी मला विचारत होती, 'जवाईबापू परत पडनात का वं?'"