नव्या नॉबची खंडेनवमी

माझी भावजय गाडी चालवते आणि ती तिला माझ्या वडिलांनी शिकवली. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं माझा नवरा अजून विचारतो. त्याला समजावून उपयोग नाही. माझ्या पोटात दुखतं, एवढंच खरं.

आप्पांनी जन्मभर बेळगुंदी ते बेळगाव सीटा भरून वडापची जीप चालवली. गावातली निम्मी पोरं त्यांच्या शेजारी बसून गिअर टाकायला शिकली. माझा धाकटा भाऊही तसाच शिकला. मी मात्र लग्न होऊन निपाणीला गेल्यावर, तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलला फी भरून शिकले. आता हायवेवरून माहेरी येते ती माझी गाडी मी स्वतः चालवत, पण आप्पा तिच्यात कधी बसले नाहीत. चला म्हटलं की त्यांना नेमकं गोठ्यातलं काम आठवतं.

मग भावजय आली. भाऊ फॅक्टरीत शिफ्टला असतो, घरच्या गाडीला चालवणारं कुणीतरी पाहिजे, म्हणून आप्पांनी तिला हिंडलग्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन शिकवलं. "गिअर टाकताना आप्पा माझ्या हातावर हात ठेवायचे, आक्का," असं तिनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी "हो का" म्हणाले आणि चहाचे कप विसळायला उठले. कप आधीच विसळलेले होते.

यंदा खंडेनवमीला मी माहेरी होते. त्या दिवशी आमच्याकडे विळ्याखुरप्यापासून गाडीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि पूजा झाली की गाडी त्यांच्यावरून न्यायची. हा मान आप्पांचा. त्यांचे गुडघे धरायला लागले तसा तो भावाकडे गेला. यंदा भाऊ फॅक्टरीतल्या पूजेला गेलेला. किल्ली कुणाच्या हातात पडणार हे मी निपाणी सोडतानाच ओळखलं होतं. तरी येताना सारखं वाटत होतं, थोरली लेक दारात आहे म्हटल्यावर एखाद्या वेळेस आप्पा मला म्हणतील.

अंगणात पोचले तर भावजय गाडीत मोबाईलवर व्हिडिओ लावून बसलेली. जुन्या गिअर नॉबचं कातडं सोलून हाताला काळा भुगा लागायचा, खालचं कव्हर फाटून पायातली धूळ वर यायची. पूजेला गाडी नीट दिसावी म्हणून तिनं नवीन गोल नॉब आणि लाल शिलाईचं कव्हर मागवलं होतं. दिसायला देखणं होतं. माझ्या गाडीतल्यापेक्षा देखणं, म्हणून अजूनच राग आला.

"दे इकडं," मी म्हणाले. "मी माझ्या गाडीला बसवलंय."

कट्ट्यावर बसलेल्या आप्पांनी विचारलं, "जमंल काय गं तिला?" मला नाही, भावजयीला विचारलं.

मी इरेला पेटले. कव्हरची चौकट उचकटली, जुना नॉब फिरवून काढला. त्याच्या खाली दांड्यावर एक प्लास्टिकची रिंग होती. माझ्या गाडीत असलं काही नाही. नव्या कव्हरवर ती बेंगरूळ दिसत होती, म्हणून मी ती खाली ढकलली, वरून कव्हर चढवलं, तोंड बांधून टाकलं आणि नॉब घट्ट पिळला. पुढचे सगळे गिअर टाकून बघितले. भावजय म्हणाली, "आक्का, लई भारी बसलंय." मी मान वर करून आप्पांकडे पाहिलं. ते झेंडूच्या माळा मोजत होते.

हळदकुंकू झालं, लिंबं ठेवली आणि आप्पांनी किल्ली भावजयीला दिली. मी निरांजन धरून उभी होते.

आमच्या अंगणात गाडी नाक पुढे करून आत येते, त्यामुळे निघायचं ते मागेच. भावजयीनं गाडी सुरू केली आणि नॉबशी झटापट करायला लागली. "आक्का, रिवर्स पडंना."

आप्पा उठले, खिडकीतून वाकले. "रिंग कुठं हाय? ती वर वडल्याबिगर रिवर्स पडत न्हाय हिचा."

"आत हाय," मी म्हणाले. "दिसायला बरी दिसंना."

"दिसायला," आप्पा म्हणाले. त्या एका शब्दानं मला निरांजनासकट निपाणीला परत जावंसं वाटलं.

मग ते भावजयीला म्हणाले, "उतर तू. जिनं घालून ठिवलंय, तीच काढंल."

मी तिच्या जागेवर बसले. आप्पा गुडघे सावरत शेजारच्या सीटवर बसले, कव्हरची चौकट एका बाजूनं उचकटली आणि आत हात घालून दोन बोटांनी रिंग वर ओढून धरली.

"क्लच पुरा दाब. आता घाल."

इतकी वर्षं हायवेवर गाडी हाकणारी मी "व्हय आप्पा" म्हणाले. रिव्हर्स पडला. लिंबं फुटली आणि आम्ही मागे गल्लीत आलो.

"बरं येतंय की तुला," आप्पा म्हणाले. "कुणी शिकिवलं?"

"पैसे दिऊन शिकले."

"मला इचारायचं हुतं."

"इचारलं हुतं. दहावीच्या सुट्टीत."

"मी न्हाय म्हटलो व्हय?"

"न्हाय. बघू म्हटलासा."

मागून दुधाची गाडी येऊन हॉर्न द्यायला लागली. "फाट्यापतोर घे," आप्पा म्हणाले.

मी पहिला टाकला, मग दुसरा. पुढे जायला रिंगची गरज नव्हती, तरी त्यांनी कव्हरमधली बोटं काढली नाहीत. आरशात भावजय दिसत होती, फाटकात पूजेचं ताट घेऊन एकटी उभी. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.