लग्नांच्या कॅसेटी आणि आमचा स्वतःचा सर्व्हर

तिरोड्याहून मावशीचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका गिऱ्हाईकाचे पासपोर्ट फोटो कापत होते. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही तिने विचारलं नाही. म्हणाली, "बाई, तुहा टीव्ही आता पैसे मांगून राह्यला. माह्याच लग्नाचे मलेच पैसे मांगते."

तिच्या सुनेने पडद्याचा फोटो काढून पाठवला. इंग्रजीत लिहिलेलं होतं की घराबाहेरून पाहायचं असेल तर यापुढे वर्गणी भरावी लागेल. मी फोटो दोनदा वाचला आणि गिऱ्हाईकाला थोडं बसायला सांगितलं.

हे लग्नाचं प्रकरण समजायला बाबांपासून सुरुवात करावी लागेल. बाबा आमच्या भागातले जुने शूटिंगवाले. घर बिरसीला, पावसाळ्यात धान आणि लग्नसराईत कॅमेरा. बिरसीपासून तिरोड्यापर्यंतच्या कितीतरी गावांमधली लग्नं त्यांनी खांद्यावर तो जड कॅमेरा घेऊन टिपली. लहानपणी मी त्यांच्यामागे हॅलोजनची वायर धरून फिरायची. वायर कुणाच्या पायात येऊ नये, एवढंच माझं काम. बाकीचे शूटिंगवाले गिऱ्हाईकाला कॅसेट दिली की मूळ कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचे. बाबांनी तसं कधी केलं नाही. प्रत्येक लग्नाला नवी कॅसेट आणि मूळ प्रत घरी कपाटात. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, लग्नावर लग्न लावत नाहीत.

माझं लग्न होऊन मी गोंदियाजवळ फुलचूरला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ टाकला. कोरोनात सगळी लग्नं बंद पडली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा मी ते कपाट बिरसीहून इकडे आणलं. कितीतरी कॅसेटींना बुरशी लागली होती. एकेक उघडायची, कापसाने पुसायची, जुन्या व्हीसीआरमध्ये घालायची आणि कॉम्प्युटरवर उतरवायची. जे वाचलं ते वाचलं. मग एडिटिंगचा जुना कॉम्प्युटर मी त्याच कामाला लावला. त्यात सगळी लग्नं ठेवली, एका कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि ज्याचं लग्न त्याच्या घरच्या टीव्हीवर त्याला दिसेल अशी सोय केली. याला सर्व्हर म्हणतात. पण गावोगावी लोक त्याला 'बाईचा टीव्ही' म्हणू लागले. ज्याचं लग्न त्यालाच दिसायचं, दुसऱ्याला नाही.

मावशीला तिचं लग्न का पाहायचं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, गेले. त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण फोटोत ते सदा ताठ, कोणावर रागावल्यासारखे. हलते-बोलते काका फक्त त्या कॅसेटमध्ये. हार घालताना तो मावशीच्या मुंडावळ्यांत अडकतो आणि काका तोंड दाबून हसतात. मावशी दुपारचं जेवण झालं की तेवढंच पाहायची.

त्या सॉफ्टवेअरची वर्गणी आधीही एकदा वाढली होती आणि मी ती मुकाट्याने भरली होती. या वेळी मात्र वर्गणीही वाढली आणि माझ्या घराबाहेरच्या टीव्हीवर पाहणं, जे आजवर फुकट मिळत होतं, तेही बंद झालं. एकदाच भरून कायमचं घ्यायची जी किंमत होती, तिच्याकडे तर बघवत नव्हतं. कंपनीवर माझा राग नव्हता. तिचा धंदा आहे, तिने भाव ठरवावा. पण लग्नं आमची, कॉम्प्युटर आमचा, वीज आमची, आणि मधल्या दरवाजाची किल्ली दुसऱ्याच्या हातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

नवरा राईस मिलच्या ऑफिसात आहे, तो हिशेबाने बोलतो. त्याने सुचवलं की सगळी लग्नं इंटरनेटवर चढवून दे, तिथे फुकटात दिसतात, कटकट संपली. बाबा त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांनी घास खाली ठेवला. "लोकायच्या घरच्या बाया-पोरी हायेत त्याच्यात. आपल्या भरवशावर नाचल्या त्या. साऱ्या दुनियेले कायले दाखवाच्या?"

नवऱ्याने तो विषय सोडला. लग्नं आपल्याकडेच ठेवायची, हे ठरलं.

शोधता शोधता मला दुसरं सॉफ्टवेअर सापडलं. ते कोणत्या कंपनीचं नव्हतं. जगातले कुठले कुठले लोक आपापल्या फावल्या वेळात ते बनवतात, कोणीही घ्यावं, आपल्या कॉम्प्युटरवर टाकावं, वर्गणी नाही. नवऱ्याने विचारलं, "फ्री में क्या मिलता है?" त्याच्या मिलमध्ये सगळे हिंदीतच बोलतात, घरी आल्यावरही ती जिभेवर राहते. मी म्हटलं, लावून पाहते, नाही जमलं तर जुनं आहेच.

मी बी.कॉम. आहे. कॉम्प्युटर शिकले ते एडिटिंगपुरतं. गिऱ्हाईक नसलं की मी वाचत बसायची. अर्धं कळायचं, अर्धं करून पाहिल्यावर कळायचं. पहिल्यांदा ते नवं सॉफ्टवेअर सुरू झालं तेव्हा मला हसू आवरेना. त्याला वाटलं हे सगळे सिनेमे आहेत. आपल्या डोक्याने त्याने प्रत्येक लग्नाला कुठलंतरी पोस्टर चिकटवलं होतं. मावशीच्या लग्नावर बंदूक रोखलेला कोणी गोरा माणूस, आणि आमच्या सरपंचांच्या मुलीच्या हळदीवर समुद्रातला मासा. एकेका लग्नातून चांगलं चित्र काढून मी ती पोस्टरं बदलली. त्या निमित्ताने सगळी लग्नं पुन्हा पाहिली. बाबांचा हात किती स्थिर होता, ते मला तेव्हा समजलं. बिदाईला सगळं घर रडायचं, पण त्यांचा कॅमेरा हलत नसे.

मग अडलं ते बाहेरून पाहण्याशी. इंटरनेटवाल्याने सांगितलं की आमच्या जोडणीला बाहेरून पोहोचायचा पत्ताच नाही, वेगळा घ्यावा लागेल. म्हणजे पुन्हा वर्गणी, म्हणून तो मी घेतला नाही. आणखी वाचलं तेव्हा कळलं की दोन घरांच्या मध्ये इंटरनेटवरच आपला खासगी रस्ता टाकता येतो, तोही फुकट. पण त्यासाठी प्रत्येकाच्या टीव्हीवर एक छोटं ॲप बसवायला हवं. मी स्कूटी काढली. बिरसीची घरं आधी केली, मग वाटेवरची गावं, मग तिरोडा. प्रत्येक घरी चहा. नागपूर-रायपूरला गेलेल्यांना फोनवरून शिकवलं. एका आजोबांनी ॲप बसल्यावर मला विचारलं की हे बिल कोणाच्या नावाने येणार. मी म्हटलं, कोणाच्याच नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या पिशवीत घरच्या तांदळाची पुडी घातली.

तिरोड्याला मावशीच्या टीव्हीवर लग्न सुरू झालं आणि मला वाटलं, काम झालं. चार दिवसांनी मावशीचा फोन. चालतं, पण सापडत नाही. जुन्या पडद्यावर तिला इंग्रजी वाचता येत नव्हतंच, पण कुठलं बटण कुठे आहे ते तिला पाठ होतं. नव्यावर बटणांच्या जागा बदलल्या होत्या. मी तिच्या सुनेला सांगून भाषा मराठी करायला लावली. यादीत मराठी होती, मला मोठा आनंद झाला. तो दुपारपर्यंत टिकला. अर्धे शब्द मराठीत होते, अर्धे इंग्रजीत, आणि जे मराठीत होते त्यांतले काही कोणी डोळे मिटून लिहिल्यासारखे. लग्न सुरू करायच्या बटणावर लिहिलं होतं, 'खेळा'.

"खेळा म्हणते," मावशी फोनवर म्हणाली. "काय खेळू मी आता या वयात?"

आणि मग मला ती गोष्ट सापडली, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. हे शब्द कुठल्या ऑफिसात ठरलेले नव्हते. तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनीच लिहिले होते, आणि चुकले असतील तर कोणीही दुरुस्त करून पाठवू शकत होतं. एक पान उघडतं, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामी जागा. मराठीच्या पुष्कळ जागा रिकाम्या होत्या.

मी पहिला शब्द बदलला तो अर्थात 'खेळा'. 'चालवा' लिहिलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालवतात सायकल. कॅसेट तं लावतात. 'लावा' म्हण." मी परत जाऊन 'लावा' लिहिलं. मग हा आमचा उद्योगच झाला. मी शब्द विचारायची, बाबा आणि मावशी फोनवर भांडायचे. जिथे सोडलं तिथून पुढे पाहायचं, त्याला मी 'पुढे सुरू ठेवा' लिहिणार होते. मावशीला 'इथून पुढे पाहा' हवं होतं. तेच ठेवलं.

तिथे आणखी एक मराठी माणूस काम करत होता. नाव-गाव माहीत नाही, पण माझ्या आधीपासून होता आणि शब्द तपासायचा. 'लावा' त्याला पटलं नाही. त्याने नम्रपणे लिहिलं की हा बोलीतला वाटतो, प्रमाण शब्द घ्यावा. मी गोंदियाची आहे हे त्याला आधीच्या एका चर्चेत मी सांगितलं होतं. त्याने पुढे लिहिलं होतं की तुमच्याकडे हिंदीचा प्रभाव आहे ना.

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. पुण्याला मावसबहिणीच्या लग्नात ऐकलं, नागपूरला कॉलेजात ऐकलं. गोंदियाचे म्हणजे अर्धे हिंदीच. आम्ही बोलायला लागलो की समोरचा गालात हसतो. एरवी मीही हसून सोडून देते. त्या दिवशी सोडलं नाही. मी लिहिलं: आपण घरी गाणं लावतो, रेडिओ लावतो, टीव्ही लावतो. तुमच्या घरी काय करतात? हा शब्द बोलीतला नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. फक्त पुस्तकात नसेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याने लिहिलं की त्याच्या आईला विचारलं, तीही 'लावा'च म्हणते. शब्द मंजूर झाला. खाली त्याने आणखी एक ओळ टाकली होती की उरलेले शब्दही तुम्हीच लिहा, मी तपासतो. स्टुडिओत मी एकटीच होते. उठून पंखा वाढवला, पुन्हा बसले, पुन्हा ती ओळ वाचली.

रिकाम्या जागा हळूहळू भरत गेल्या. धान कापणी संपत आली होती तेव्हा नवी आवृत्ती निघाली आणि मी ती आमच्या सर्व्हरवर टाकली. मावशीला फोन करून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मी स्कूटीवर तिरोड्याला गेले. वीज प्रकल्पाची धुराडी दिसायला लागली तसा मी स्कूटीचा वेग वाढवला, परीक्षेचा निकाल पाहायला निघाल्यासारखा.

मावशीने टीव्ही लावला. चष्मा घातला. पडदाभर मराठी. ती एकेक शब्द बोट दाखवत वाचत गेली, सुनेला हात लावू दिला नाही. स्वतः आपलं लग्न शोधलं, बटणावर थांबली आणि मोठ्याने वाचलं, "लावा." मग दाबलं.

अर्धं लग्न झाल्यावर तिने विचारलं, "हे कोनं लिवलं?"

मी म्हटलं, मी लिहिलं. बाबांनी आणि तू सांगितलेलं.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "आता चूप राह्य, लग्न लागून राह्यलं."

काका हसले. मावशीही हसली. तिच्या शेजारी बसून मी ते लग्न पूर्ण पाहिलं, आणि खरं सांगते, काकांपेक्षा जास्त वेळा माझी नजर पडद्याच्या कडेला असलेल्या त्या अक्षरांकडे जात होती. ती अक्षरं आता पुण्यातही दिसत असतील, कोल्हापुरातही, परदेशातल्या कुठल्या मराठी घरातही. तिथे कोणाला ठाऊक नाही की ती फुलचूरच्या एका फोटो स्टुडिओत लिहिली गेली. मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

आता दुसऱ्या गावचे दोन शूटिंगवाले माझ्याकडे शिकून गेले. त्यांच्याकडेही जुन्या कॅसेटी पडून आहेत. नवरा आजकाल मिलमधल्या लोकांना माझ्याबद्दल सांगतो, हिंदीत. गेल्या वर्षाच्या शेवटी मी त्या सॉफ्टवेअरवाल्या लोकांना आपल्या खुशीने थोडे पैसे पाठवले. नवऱ्याने विचारलं की फुकट आहे तर कायको? मी म्हटलं, मागितले नाहीत म्हणून. त्या दिवशी चहा त्याने केला.

परवा बिरसीला गेले होते. नव्या आवृत्तीत काही नवे शब्द आले आहेत. त्यांतला एक माझ्याकडून होत नव्हता: गाणी किंवा चित्रफिती उलटसुलट क्रमाने लागाव्यात, त्याचं बटण. मी 'यादृच्छिक' लिहून खोडलं होतं. बाबा ओट्यावर मित्रांबरोबर पत्ते खेळत होते. मी अडचण सांगितली. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ पायलटचं विमान गेलं, त्याचा आवाज संपेस्तोवर बाबा थांबले.

"पत्ते वाटायच्या आधी काय करतो आपण?" हातातली पानं दाखवत ते म्हणाले. "पिसतो. 'पिसा' लिव."

मी तिथेच ओट्यावर बसून फोनवर शब्द लिहून पाठवला. बाबा वाकून पाहत होते.

"झालं? आता साऱ्यायले दिसन?"

मी म्हटलं, आधी तपासतील, मग दिसेल.

"तपासू दे," बाबा म्हणाले आणि पानं वाटायला लागले. "शब्द बरोबर हाय."