पान एक्केचाळीस

माझं डोकं फिरलं ते पान एक्केचाळीसवर. थॉरोल्ड अँड कीन या आमच्या जुन्या कंपनीला शंभर वर्षं झाली, म्हणून लंडनच्या हॉटेलात जेवण होतं आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी कंपनीच्या इतिहासाची प्रत. पूल, बंदरं, बोगदे, आणि पानोपानी साहेबांचे फोटो. या सगळ्यांचा एकेक नकाशा कापडावर शाईने गिरवणाऱ्या ट्रेसर म्हणजे आम्ही तेवीस बायका. आमच्यावर एकच ओळ : '१९५७ साली वेल्समधल्या पुलाची भिंत एका ट्रेसर मुलीच्या हलगर्जीपणामुळे तीन फूट बुटकी झाली.'

ती मुलगी माझी पाहुणी म्हणून माझ्या शेजारीच बसली होती. एनिड प्रॉसर, वय एकसष्ट.

हलगर्जीपणा म्हणे! साहेबाने पेन्सिलीने काढलेलं जसंच्या तसं गिरवायचं, चूक दिसली तरी हात लावायचा नाही, हा आमचा नियम. फार तर कापडाच्या कडेला पेन्सिलीने विचारायचं. एनिडने विचारलं होतं : भिंत एका जागी एकोणीस फूट, दुसऱ्या जागी सोळा, खरं कोणतं? तरुण इंजिनिअर कीनसाहेबाने तिथेच खरडलं, 'सोळा. प्रश्न पुरे, गिरवा.' खाली सही.

भिंत सोळाची बांधली, हवी होती एकोणीस फुटांची. कीन सरळ म्हणाला, पोरीने आकडा चुकवला. पेन्सिलीचा मूळ कागद रिवाजाप्रमाणे केव्हाच फाडलेला. एनिडला त्याच दिवशी घरी पाठवलं, शिफारसपत्राशिवाय. मग कुठल्याच ऑफिसने तिला दारात उभं केलं नाही. सदतीस वर्षं ती क्रॉयडनच्या बेकरीत केकवर लोकांची नावं लिहीत राहिली.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. नोकरीच्या भीतीने मी मूग गिळून बसले. रद्द झालेली कापडं धुऊन आम्ही रुमाल करायचो. एनिडचं ते सहीचं कापड मी टोपलीतून उचललं आणि कधीच धुतलं नाही, एवढाच माझा पराक्रम. आज कीन येणार हे कळलं, म्हणून ते पर्समध्ये आणलं होतं. एनिडपुढे ठेवलं.

"हे तुझ्याकडे होतं? इतकी वर्षं?"

"हो. घाल मला शिव्या."

"तुला नंतर. आधी त्याला."

तिने ते कापड कीनच्या ताटावरच पसरलं. "सही ओळखता ना, साहेब?"

म्हातारा पांढराफटक पडला. "मिस प्रॉसर, आता कशाला जुनं उकरून काढता? शिवाय पुस्तक छापून झालंय."

"छापलेलं खरवडता येतं. तुमच्याच ऑफिसात शिकले मी."

शाईची चूक खरवडायचं ब्लेड माझ्या पर्समध्ये असतंच, जुनी सवय. पेन कंपनीनेच भेट दिलेलं. एनिडने 'एका ट्रेसर मुलीच्या' एवढंच हलकेच खरवडलं आणि तिथे लिहिलं, 'इंजिनिअर कीन यांच्या'. अक्षर छापल्यासारखं, हात जराही हलला नाही. मी प्रती आणत गेले, ती लिहीत गेली. चौसष्ट प्रती. पुडिंग गार झालं, पण कुणी चमचा उचलला नाही.

शेवटची प्रत कीनची. एनिडने ती पान एक्केचाळीसवर उघडून त्याच्यापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"तपासून सही करा, साहेब. या वेळी वाचून."