बापूंचं बिनसेटिंगचं रिव्हॉल्वर

आमच्या नेमबाजी क्लबात गुपित टिकत नाही. कानात बोळे घातलेली माणसं कुजबुजतानासुद्धा ओरडतात! रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडखाली चहा येईपर्यंत एकाच्या घरचं भांडण सगळ्यांना पाठ झालेलं असतं. असे किस्से साचत जातात. पण अलीकडचे बरेचसे एकाच माणसाभोवती फिरतात, आणि सांगताना हसता हसता माझं डोकं फिरतं.

*

माणूस म्हणजे बापू. नाशिक रोडला राहायचे. त्यांच्या वडिलांची सुरगाण्याकडं जंगलातली ठेकेदारी होती, तेव्हापासूनचं लायसनचं रिव्हॉल्वर त्यांच्याकडं. नेम धरायला नळीच्या टोकाला एक माशी, मागं अंगातच कोरलेली खाच. संपलं! वर-खाली, डावं-उजवं काही हलवायची सोयच नाही.

आमचे हॉटेलवाले शेटे पहिल्याच दिवशी म्हणाले, "बापू, नाटकातलं उचलून आणलं का हो?"

शेटेंचं पिस्तूल नवंकोरं. खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर. प्रत्येक राउंडनंतर मागची खाच फिरवायची. आज वारा आहे, आज ऊन डोळ्यावर येतंय, आज गोळ्याच भिकार आहेत!

बापू म्हणाले, "शेटे, माझ्या ह्याला फिरवायला काही नाही. त्यामुळं नेम चुकला की मला फक्त मीच सापडतो."

*

मीही एकदा मारून बघितलं. अंबडला माझं स्प्रिंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू आपण दुरुस्त करू शकतो, असा माझा समज. सगळ्या गोळ्या डावीकडं!

म्हटलं, "बापू, द्या इकडं. माशी कानशीनं जराशी घासून आणतो."

बापूंनी ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. "अरे, खोड आहे त्याची! डावीकडं जातं, तर आपण उजवीकडं धरायचं. तुझी बायको घोरते, म्हणून तिचं नाक कानसतोस का?"

हे सगळ्या शेडला ऐकू गेलं. घरी कुणी पोचवलं ते अजून कळलेलं नाही.

*

बापूंचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांची मुलगी मंदा त्याच रिव्हॉल्वरनं मारायला लागली. अंबडला कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. लग्न केलं नाही, बापूंचं सगळं तीच करायची. त्या दिवशी बापू शेजारी खुर्चीत बसले आणि हिनं सगळ्या गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत घातल्या.

शेटे टार्गेट हातात घेऊन बघत राहिले. "ताई, सेटिंग काय ठेवलंत?"

"काही नाही काका. घाई नाही केली."

झालं! पुढच्या रविवारपासून अख्खा क्लब त्या जुन्या रिव्हॉल्वरसाठी नंबर लावायला लागला. शेटेंनी तर आपल्या पिस्तुलाचे स्क्रू हलू नयेत म्हणून त्यांवर बायकोची लाल नेलपॉलिश ओतली. वहिनी बाटली शोधत क्लबात आल्या. पिस्तूल बघितलं, शेटेंचं टार्गेट बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं लावलंच आहे, तर थोडं ह्यांच्या हाताला पण लावा!"

*

मग निवडणूक आली. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करायची. वर्षानुवर्षं असंच चालतं. बापूंनी रिव्हॉल्वर तेलपाणी करून, मऊ फडक्यात गुंडाळून दिलं.

निकाल लागल्यावर परत मिळालं, ते फडक्याशिवाय. नळीवर गंज, लाकडी मुठीला चीर. बापूंनी विचारलं, "हे कशानं झालं हो?"

तिथला हवालदार अगदी निरागसपणे म्हणाला, "कॅलेंडरला खिळा ठोकायचा होता काका. हातोडी कोण देतंय आम्हाला?"

बापू स्कूटरवर मागं बसून रडले. मंदानं आरसा दुसरीकडं वळवला. मी शेजारच्या गाडीवर होतो, मला सगळं दिसत होतं.

*

त्यानंतर बापूंनी एकच ध्यास घेतला. मी आहे तोवर हे मंदाच्या नावावर होऊ दे. नाहीतर माझ्यामागं ते मोडीत जाईल.

मंदानं लायसनसाठी अर्ज केला, पोलीस स्टेशनला चौकशीला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "ताई, तुमच्या जिवाला धोका कुणापासून?"

"धोका नाही साहेब. नेम चांगला आहे."

"नेमासाठी कोण लायसन मागतं? धोका सांगा!"

धोका पुण्यात होता. तिचा भाऊ सुहास. वारस म्हणून त्याची संमती हवी होती आणि त्यानं लेखी हरकत पाठवली. बाईमाणसाच्या हातात हत्यार नको, घरात लहान मुलं असतात. आता त्या घरात एक म्हातारा आणि पन्नाशीची मंदा, मुलं कुठली? मी फोन करून विचारलं, तर म्हणतो, "तत्त्वाचा प्रश्न आहे काका." ह्यानं बापाला औषधाची गोळी कधी दिली नाही, आणि तत्त्व सांगतोय मेला!

बापू हरकतीचं काय होतंय, ते विचारत विचारतच गेले.

*

दिवसकार्य उरकल्यावर रिव्हॉल्वर पोलीस स्टेशनला जमा करायला सुहास निघाला. वारस तो! मंदा आणि मी बरोबर. कातडी कव्हरासकट त्यानं ते टेबलावर ठेवलं.

हवालदार म्हणाला, "रिकामं आहे ना? उघडून दाखवा."

सुहासनं ते बाहेर काढलं. इकडं दाबलं, तिकडं ओढलं. उघडेना. नळी आधी माझ्याकडं, मग हवालदाराकडं! हवालदार कपाटाआड, मी टेबलाखाली, आणि सुहास आत डोकावून बघायच्या बेतात.

मंदानं हात पुढं केला. "दादा, दे इकडं."

कपाटाआडून आवाज आला, "ताई, तुम्ही हात लावायचा नाही! लायसन तुमचं नाही!"

सुहासला दरदरून घाम फुटला. "अहो, मग करून टाका ना हिच्याच नावावर! मला नकोय हे!"

साहेब आतून आले. त्यांनी रिव्हॉल्वर घेतलं, उघडलं, रिकामं होतं. "आता कसं करणार? तुमचीच हरकत लागलेली आहे ना!" म्हणाले आणि ते आत घेऊन गेले.

सुहास रुमालानं मान पुसत राहिला. मंदा टेबलावरच्या रिकाम्या कव्हराकडं बघत होती.

"हे नेऊ का?"

हवालदार कपाटाआडून बाहेर आला. "न्या की ताई. त्याला लायसन लागत नाही."