रामटेके सरांचा पितळी डबा

रामटेके सर गेल्याचा फोन आला तेव्हाही मी आधी विचारलं, "तुले कोनं सांगतलं? नक्की का?" संशय घेतल्याशिवाय मला कशावरच विश्वास ठेवता येत नाही. या सवयीचा पहिला बळी सरच होते...

आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता त्या काळात भीमपूरच्या वसतिगृहात ते आमचे वॉर्डन होते आणि शाळेत इंग्रजीही शिकवायचे. वसतिगृहात डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी. एकदा फळ्यावर 'स्कँटिली' लिहून त्यांनी विचारलं, "कायले म्हनतेत हे?" मग स्वतःच सांगितलं, "सकाळी तुमच्या ताटात डाळ पडली ना, तशी. असते, पन पुरत नाही." पोरं हसली. मला मात्र या माणसाच्या धिटाईचा राग आला. कारण अधूनमधून, आमची जेवणं आटोपली की सर त्याच डाळीचा पितळी डबा भरून आदिलाबादची बस धरायचे. त्यांचं घर आदिलाबादलाच. आमची डाळ कुठे जाते हे मला आणखी कोणी सांगायची गरज नव्हती.

दहावीत मी आदिलाबादच्या ऑफिसातल्या वरच्या साहेबांना निनावी अर्ज केला. इंग्रजी वजनदार हवं म्हणून सरांचाच शब्द घातला: आम्हाला स्कँटिली जेवू घालतात, बाकीचं वॉर्डन घरी नेतात. चौकशी भलतीच झटपट झाली. तिचा संशय मात्र मला आला नाही. सरांची दूर मंचेरियलला बदली झाली. निघताना म्हणाले, "इंग्रजी सोडू नको बे." हा गोड बोलून कबुली काढतोय, असंच मला वाटलं.

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो. डबा फळीवर होता. न राहवून विचारलंच.

"हापिसात नेत होते ना, साहेबाले दाखवाले," काकू म्हणाल्या. "पोरं हे खाऊन राह्यले, पाहा म्हनून. साहेब चिडे. घरी थेंब नाही आनला कधी."

त्यांनी डबा उघडून पुढे केला. आत माझ्या अर्जाची झेरॉक्स होती, चौकशीत सरांना मिळालेली.

"सरांना माहीत होतं?"

"तुयं अक्षर नाही वळखनार का ते? तुया वह्या तपासत होते."

मी कागद उलगडला. 'स्कँटिली'खाली लाल रेघ होती आणि समासात, वहीत लिहायचे तसंच, सरांनी लिहिलं होतं: 'शब्द बरोबर. माहिती तपासावी.'

हा लेख पाठवण्याआधी मी काकूंना दोनदा फोन करून सगळं विचारून घेतलं.