तिसऱ्या माळेची धडधड

यवतमाळला मी पोरांना औषधशास्त्र शिकवत होतो आणि मुकुटबनला माझी आई एकटीच कापूस पिकवत होती. बाबा गेल्यावर ‘माझ्याकडे ये’ म्हणून मी किती डोकेफोड केली; पण बाई ऐकेल तर शपथ.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला शेजारच्या काकूंचा फोन आला. आईची छाती इतकी धडधडत होती की तिला वणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. “कापसाच्या भावाची धास्ती घेतली रे बाईनं,” काकू म्हणाल्या. त्या वर्षांत आमच्याकडे डोकं दुखलं तरी लोक कापसाच्या भावावर ढकलत.

मी पोचलो तेव्हा ती खाटेवर घामानं भिजून बसली होती. रक्तदाब भलताच चढलेला.

“गोळी घेतली का?”

“घट बसले तवापासून नाई घेतली. गोळीनं उपास मोडते.”

मी असा भडकलो! तिची गोळी क्लोनिडिनची. हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, त्यानं ठोके वाढतात. त्याच टोकावर एक जागा असते. किती सुटलं ते ओळखून ती तंतूला ‘पुरे’ म्हणते. ही गोळी मेंदूत आणि तिथंही तेच काम करते. रोजची गोळी एकदम थांबली, की तंतू धरबंध सोडून रसायन ओततो. जीवही जाऊ शकतो. वर्गात हे मी रंगीत खडूनं काढून दाखवायचो. पण पुराणातली वांगी पुराणात! डॉक्टरांनी गोळी पुढे केली, तर आईनं तोंड फिरवलं. दसऱ्याशिवाय नाही म्हणाली.

चिडून मी तिला सगळं तंतूपुराण ऐकवलं. तिनं ते शांतपणे ऐकलं.

“तुये बाबा असेच म्हनत,” ती म्हणाली. “वावरात माया हात थांबला नाई, का धुऱ्यावरून ओरडत, ‘पुरे आता, चाल घरी.’ ते गेले तवापासून मले कोनी पुरे म्हनलंच नाई रे.”

मला रडू आलं.

“पुरे आता, आई,” मी म्हणालो. “घे.”

तिनं देवीला हात जोडले आणि मुकाट्यानं गोळी गिळली. तरी माझ्याबरोबर आली नाहीच. वेचणी तोंडावर होती.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. आता मीही रक्तदाबाची गोळी घेतो, आणि घरात एकटाच असतो. परवा गोळी हातावर घेऊन ‘पुरे आता’ असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. तंतूला स्वतःला पुरे म्हणता येतं. मला नाही आलं.