सीनेच्या नाक्यावरची झाडती

आमच्या गावाखालून सीना नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्यात घोटा बुडेल एवढंही पाणी नसायचं, तरी ती ओलांडायला सरकारची मर्जी लागायची. पलीकडचा काठ इंग्रजाचा आणि अलीकडचा निजामाचा. अलीकडच्या मुलखाला आम्ही मोगलाई म्हणत असू. माझा मामा पलीकडे राहायचा. तिकडे मुलींना शाळेत घेत, म्हणून त्याच्या घरी राहून मी मराठी चौथी केली. लिहिते ती त्याच शिदोरीवर.

मामाच्या आणि आमच्या घरामध्ये एक नदी आणि एक नाका. नाका म्हणजे उतारावरची एक खोली, पुढे आडवा वासा, आत नाकेदार आणि दोन जवान. पलीकडून येणाऱ्या मालावर जकात होती, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याचं अंग चाचपून, गाठोडं सोडून झाडती व्हायची. पुरुषांची झाडती जवान घेत. बायकांची माझी आत्या घ्यायची.

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा पटकीत मेल्यावर परत आमच्याकडे आली. शेतात दोन गड्यांचं काम एकटी ओढायची आणि चार गड्यांएवढं बोलायची. पुढे वरून हुकूम आला की बायकांच्या अंगाला पुरुषाने हात लावायचा नाही. चांगला हुकूम होता. नाकेदाराने पाटलाला सांगितलं, मग एक बाई द्या. पाटलाने गावभर नजर फिरवली आणि जिला नवरा नाही, लेकरू नाही, ती दिली. पगार कसला, वेठ होती ती. माझे वडील पाटलासमोर होकाराची मान हलवून आले आणि जेवायला बसले.

तेव्हापासून आत्या दिवसभर त्या उतारावर बसायची. आपल्याच गावच्या बायांचे ओचे चाचपायची, अंबाडे सोडायला लावायची. हुकूम कुणाचा हे बायकांना ठाऊक होतं, पण अंगाला लागायचे ते हात आत्याचे. पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलायच्या.

"सरका गं, सरकारची सून आली," एक म्हणायची.

"घागरीतबी बघंल, साखर हाय का म्हनून," दुसरी म्हणायची.

आत्या उत्तर देत नसे. एरवी तिला उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं, म्हणून ते मला चमत्कारिक वाटायचं.

चौथी करून घरी परतल्यावर दुपारी मी तिची भाकरी घेऊन नाक्यावर जायची. मला तिथलं सगळं बघायची हौस होती. एकदा विचारलं, "आत्या, नाकेदाराची झाडती कोन घेतं?"

"त्याच्या वरचा."

"अन् त्याची?"

"त्याच्या वरचा."

"अन् सगळ्यात वरच्याची?"

"देवाला इचार जा. भाकर दे हिकडं."

त्या सालच्या सुगीनंतर पाटलाने दवंडी दिली की हैदराबादेच्या कौन्सिलातला एक मेंबर नाका बघायला येणार आहे. मेंबर म्हणजे काय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं सुभेदाराच्या वरचा, कुणी म्हणालं खालचा. मी मामाला विचारलं. तो म्हणाला, कौन्सिलात कायदे करतात, आणि मेंबराच्या अंगात धमक असली तर तो सरकारला जाबही विचारतो. सरकारला कुणी जाब विचारतो ही गोष्ट मी प्रथमच ऐकली. मला वाटलं, हाच तो वरचा.

नाक्याला चुना लागला. जवानांनी पट्टे घासले. पाटील दारोदार सांगत फिरला, "साहेब इचारतील. नीट बोला. गावाची अब्रू हाय."

आत्याला मी म्हटलं, "तू सांग की तुला ही वेठ नको म्हनून."

"इचारलं तर सांगंन," ती म्हणाली. रात्रीपुरती का होईना, तिला आशा लागली होती. सकाळी तिने नाक्यावर जाण्याआधी पातळ बदललं.

मेंबर आले ते बैलांच्या छपरी दमणीतून. मागे पडदा सोडलेला, आत त्यांची बायको होती. नाका बघून तसेच पुढे नगरला तिच्या माहेरी जायचं होतं. हे गृहस्थ वकील होते. मराठीच, पण बोलण्यात उर्दू मुबलक. नाकेदाराला हे बाहेरच्याचं येणं आवडलेलं नव्हतं. तो म्हणाला, "जनाब, सरहद्दीच्या बंदोबस्ताची बाब आहे. बात बाहेर जाऊ नये."

"मी बाहेरचा नाही," वकील म्हणाले. "बंदोबस्ताला पैसा रयतेचा लागतो. रयतेला बंदोबस्त कसा लागतो, तेवढंच बघायला आलोय."

मग त्यांनी जमलेल्या लोकांकडे बघून विचारलं, "नाक्याची कुणाला काही तक्रार?"

लोक म्हणाले, "न्हाई जी. सगळं बरं हाय."

ते आत्याकडे वळले. "बाई, तुम्हाला काही त्रास?"

आत्या म्हणाली, "न्हाई."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. वकिलांनी मान हलवली आणि पुढे निघाले. पाटलाचा चेहरा खुलला.

आता परक्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी खरं सांगत नाही. पाहुण्याने 'कसं काय' म्हटलं की घरात मढं असलं तरी 'बरं हाय' म्हणायचं. जेवता का म्हटलं की उपाशी माणसानेही 'आत्ताच जेवलो' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर गप्प राहायचं. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे माणूस मनापासून विचारतोय असं धरायचं आणि मग बोलायचं. एकदा विचारून जो थांबतो त्याने नुसती रीत पाळली, असा आमचा हिशेब. सगळा गाव दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा होता. वकिलांना वाटलं, उत्तर मिळालं.

नाकेदार आता फुलून बोलत होता. "जनाब, हमारे यहाँ कायदा सबको एक. गरीब असो, अमीर असो, बाईमाणूस झाडतीशिवाय वाशाच्या पार जात नाही."

वकील दमणीत चढायला निघाले. जवानाने वासा उचलला. तेवढ्यात आत्या उठली आणि बैलांपुढे जाऊन उभी राहिली.

"आत बाईमानूस हाय," ती म्हणाली. "झाडती व्हायचीय."

"ए बाई, हट!" नाकेदार ओरडला. "खुळी का काय? हे मेंबरसाहेब!"

"सायबाची न्हाई घेत. बाईची घेते. तुमचाच हुकूम हाय न्हवं? आत्ताच म्हनलात."

पाटील पुढे झाला. "अगं येडे, कावून गावाचं नाक कापती?"

"मी न्हाई कापत. हुकूम कापतोय."

लोकांत कुणीतरी फिसकन हसलं. वकील आधी तापले होते, पण मग त्यांच्या तोंडावर वेगळंच काही आलं. ते नाकेदाराला म्हणाले, "कायदा सबको एक, असं म्हणालात ना? मग बाईंना त्यांचं काम करू द्या."

हे आत्याने मुद्दाम केलं की चिडून, हे मला कळलं नाही. पुढे मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाली, "हुकूम हुता." यापलीकडे तिने कधी सांगितलं नाही.

पडदा धरायला तिने मला आत घेतलं, म्हणून आतलं मी ऐकलं. वकिलांची बायको तिशीची असेल. नाकात नथ, मांडीवर पितळी डबा. आत्याने तिच्या ओच्याला बोट लावलं न लावलं आणि हात मागे घेतला.

"झालं," आत्या म्हणाली.

"एवढ्यात? अशीच घेता सगळ्यांची?"

आत्याने तिचा ओचा नीट केला.

"तुम्हाला त्रास आहे का हो इथे?"

"न्हाई जी."

"मघाशी ह्यांनाही नाहीच म्हणालात. खरंच नाही?"

आत्या दमणीच्या तट्ट्याकडे बघत बसली. ती बाई नगरकडची. तिला ही रीत ठाऊक असणारच. तिने डबा बाजूला ठेवला, पुढे सरकली आणि म्हणाली, "बाई, वरवरचं नाही विचारत मी. पोटातलं सांगा."

मग आत्या बोलली. रडली नाही. भांडावं तसं, पण हळू आवाजात बोलली. "गेल्या थंडीत एक वली बाळंतीन पलीकडनं म्हायेराला आली. पोटाला पट्टा बांदलेला. जवान म्हनला, सोड, आत कापड आसंल. वाऱ्यात सोडाय लावला. सोडला कुनी? ह्या हातानं. त्या दिसापासून तिची आई माज्या सावलीत हुबी ऱ्हात न्हाई. बरूबर हाय तिचं. काम लई केलं मी जल्मभर, कामाचं काय न्हाई. पर हे हात मला परत द्या, म्हनावं तुमच्या सायबास्नी."

बाहेर नाकेदार विचारत होता, "अजून किती वेळ?" त्या बाईने आतूनच उत्तर दिलं, "झाडती चालू आहे."

दमणी नदी उतरून गेली. पलीकडच्या काठावर थांबली. वकील खाली उतरून आमच्या काठाकडे बराच वेळ बघत राहिले, पण परत आले नाहीत. आत्या म्हणाली, "गेलं. आता इसरतील."

त्यांनी कौन्सिलात काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मेंबरांना तिथे फारसं बोलू देत नसत, असं नंतर एका मास्तरांकडून ऐकलं. म्हणजे कुणाच्या कानाला लागून सांगितलं असेल. पण पाऊसकाळ सरल्यावर हुकूम आला. बायकांच्या झाडतीला वेठीची बाई लावायची नाही, पगारी ठेवायची, आणि बाळंतिणीला हात लावायचा नाही. नाका उठला नाही, जकात कमी झाली नाही, आणि नाकेदारही तोच राहिला. त्याने धारूरकडची आपल्या ओळखीची एक बाई आणून बसवली. ती पगार घ्यायची, म्हणून अंबाड्यातला काटासुद्धा बघायची.

पुढच्या बाजाराला बाया पलीकडे निघाल्या तेव्हा आत्याही निघाली. आधी चार हात मागून चालली. बाळंतिणीची आई पुढे होती. ती थांबली नाही, पण मागे न बघता मोठ्याने म्हणाली, "ही नवी लई बारीक बघती म्हनं. येताना सुपारी कुटं लपवावी, ते ज्याला ठावं हाय त्यानं सांगावं."

"कावून सांगू?" आत्या म्हणाली. "मी काय तुमची चाकर हाय?"

बाया चालत राहिल्या. वाळू तापली होती. थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, "तान्ह्याच्या कुंचीत घाला. समद्याजनी तितंच घालत हुता की. मला काय डोळं नव्हतं?"

बाळंतिणीची आई आता थांबली. आत्या तिच्या बरोबरीला येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग दोघी जोडीने पलीकडची दरड चढल्या.